कुडपणच्या माळावरची डब्याची चूल

“आजोबा, विस्तव डब्यात कोंडून नेला, तर तो माळावर चालेल का?”

मित्रांनो, हा प्रश्न देवळातल्या भरल्या गावकीत विचारला गेला, आणि तो माझ्याबद्दल होता. मी मात्र तिथं नव्हतो. मी घरी पोटमाळ्यावर, पोटात नाचणीचं बी घेऊन आणि डोक्यावर झाकण घट्ट लावून बसलो होतो. पुढं बायकांनी माझ्याभोवती बसून ही हकिगत इतक्या वेळा सांगितली, की ती मला तोंडपाठ झाली आहे.

मी एक डालड्याचा डबा. पिवळा होतो, आता काळा आहे. काळा झालो याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, कारण पिवळा होतो तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं.

प्रश्न विचारणारीचं नाव मैना. आमच्या घरची मुलगी, तेव्हा नववीत होती. तिचे वडील हैबती आणि आई सगुणाबाई. कुडपणच्या पठारावर, कड्याच्या बाजूला आमची वाडी आहे. दिवाळी झाली की सगळी वाडी माळावर गवत कापायला निघते. ते गवत म्हणजे आमच्या गुराढोरांचं वर्ष. ते वाळून असं कुरकुरीत होतं, की एक काडी पडली तर वणवा धावत सुटेल आणि माणसं नुसती बघत राहतील. म्हणून जुना नियम आहे: शेवटची पेंढी बांधून होईपर्यंत माळावर विस्तव न्यायचा नाही. विडी नाही, काडेपेटी नाही, चूल तर नाहीच.

पुरुष भारे घेऊन दिवसातून दोनदा घरी येतात आणि गरम चहा पिऊन जातात. बायका मात्र उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत वरच. दुपारी गार भाकरी, गार पाणी, आणि कड्यावरून येणारा वारा. सगुणाबाई घरी आल्या की डोक्यावरचा भारा टाकून आधी चुलीपाशी बसायच्या. बोटं इतकी आखडलेली असायची, की पदराची गाठ त्यांना सुटत नसे. मैना ती सोडून द्यायची. रोज गाठ सोडता सोडता तिच्या डोक्यात माझा विचार शिरला.

तिने तो शाळेच्या वाटेवर मैत्रिणींना सांगितला. त्या हसल्या. सुरेखा म्हणाली, “आमच्यापुढं काय बोलतेस? गावकीत महिपत आजोबांना विचारून दाखव. नाय विचारलंस, तर उद्यापासून माझं दप्तर तू उचलायचं.”

आता मैनेचा स्वभाव सांगतो. तिला कोणी “दाखव” म्हणालं, की तिचे पाय आधी चालू लागतात आणि डोकं मागून येतं.

महिपत आजोबा म्हणजे गावकीचे प्रमुख. त्यांच्या लहानपणी लागलेला एक वणवा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. मैनेचा प्रश्न ऐकून देवळात हशा पिकला. आजोबा हसले नाहीत. त्यांनी काठी फरशीवर टेकवली.

“विस्तव डब्यात कोंडतेस? वाघ बुट्टीत कोंडशील एखाद वेळ. बरं, दाखव. येत्या रविवारी माळावर पेटव. पण अट ऐकून घे. एक जरी ठिणगी गवताला लागली, तर यंदा हैबतीच्या वाट्याचं गवत गावाचं. काय रे हैबती?”

सगळ्यांच्या माना हैबतीकडे वळल्या. आमच्या गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस. गवत गेलं, तर शिमग्याच्या आत तिन्ही विकावी लागतील, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. हैबतींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

“पोर बोलली ती बोलली,” ते म्हणाले. “कबूल.”

घरी आल्यावर सगुणाबाईंनी दोघांना असं झोडपलं, की पोटमाळ्यावर माझं झाकण थरथरलं. “एक बोलते, दुसरा मान हलवतो! गुरं काय तुमच्या जिभेवर चरणार हायत काय?”

“आये, ठिणगी उडणारच नाय,” मैना म्हणाली.

“तुला काय ठिणगीनं येऊन सांगितलं?”

 मैना शिडी चढून वर आली, माझं झाकण काढलं आणि नाचणी टोपलीत ओतली. मित्रांनो, कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात उजेड पडला.

मग सुरू झालं ठोकाठोकीचं पर्व. खोटं कशाला सांगू, मला दुखलं. मैनेने खिळा आणि दगड घेऊन माझ्या बुडाशी भोकांची माळ पाडली. मग दूध पावडरचा एक छोटा डबा आणला. त्याच्याही बुडाला भोकं पाडायची होती, पण हा डबा तिने घाईत उलटा धरला, आणि भोकं पडली वरच्या काठाखाली.

सुरेखा दारात उभी होती. “अगो शहाणे! वर भोकं कशाला? धुराला खिडक्या ठेवतेस काय?”

मैनेने जीभ चावली आणि मग खालीही भोकं पाडली. वरची तशीच राहिली. मग तिने छोटा डबा माझ्या पोटात बसवला, तो बुडाशी तीन खडे ठेवून त्यांवर. माझ्या आणि त्याच्या मध्ये बोटभर जागा राहिली. वरून ती जागा माझ्याच झाकणाच्या कापलेल्या कड्याने झाकली. काटक्या सारायला पुढून दोन्ही डब्यांना मिळून एक तोंड कापलं. पातेलं टेकायला पत्र्याच्या तीन पट्ट्या उभ्या वाकवल्या. पत्रा कापायला घेतलेली पटाशी हैबतींची होती. ती बोथट झाली, पण त्यांनी तक्रार केली नाही. गवतच पणाला लागलं होतं, तिथं पटाशीचं काय?

दुसऱ्या दिवशी मैना शाळेत गेली आणि सगुणाबाईंनी मला हातात घेतलं. त्या रागात होत्या. पण आमच्याकडे नवी चूल सारवल्याशिवाय कोणी पेटवत नाही, आणि राग असला म्हणून रीत थोडीच मोडायची! त्यांनी शेणमाती कालवली आणि मला बुडापासून काठापर्यंत असं गुळगुळीत सारवलं, की हळद लावलेल्या नवरीसारखा मी दिसायला लागलो. वर हळदकुंकू वाहिलं. उन्हात वाळवलं. माझी सगळी भोकं बुजली होती, पण त्या माउलीला काय ठाऊक? आमच्याकडच्या चुलीला भोकं असतात कुठं?

संध्याकाळी अंगणात गर्दी जमली. मैनेने कारवीच्या काटक्या रचून काडी ओढली. आणि मी धूर ओकू लागलो! काळा, पिवळा, जाड धूर. कोंबड्या पळाल्या. हैबती खोकत खोकत गोठ्यात शिरले. शेजारच्या गोदूबाईंनी पदर नाकाला लावला. त्या वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या, आणि त्यांच्या जिभेला म्हातारपण शिवलेलं नाही.

“मैने, ही चूल ने गो माळावर,” त्या म्हणाल्या. “वणवा नाय लागायचा. गवत काळं दिसंल आणि आपल्याला डोळं नाय राहायचं, एवढंच!”

सगळे हसले. सगुणाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मैना त्यांच्याकडे.

“आये, तू सारवलंस?”

“मग? नवी चूल तशीच पेटवायची?”

मला वाटलं, आता रडारड होणार. पण मैनेने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसली. दाभण घेतलं आणि एकेक भोक टोकरून मोकळं केलं. काळोख पडता पडता तिने मला पुन्हा पेटवलं.

आणि मग जे झालं ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर दृश्य. खालच्या भोकांतून हवा आत आली. थोडी सरळ काटक्यांना मिळाली आणि उरलेली आम्हा दोन डब्यांच्या मधून तापत तापत वर चढली. वरच्या त्या चुकून पडलेल्या भोकांतून ती आत घुसली आणि धुराला भिडली. धूरच पेटला! काठाखाली ज्वाळांच्या पाकळ्यांचं एक कडं उभं राहिलं, झेंडूच्या फुलासारखं. धूर कुठं गेला ते कोणालाच कळलं नाही.

“खिडक्या ठेवल्यास ते बरं केलंस,” सुरेखा हळूच म्हणाली.

रविवारी आम्ही माळावर गेलो. सगळी वाडी आली होती. महिपत आजोबांनी कातळावरची एक सपाट जागा निवडली. मैनेला हायसं वाटलं, पण आजोबा तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातांनी सुकं गवत आणून माझ्याभोवती गोल पसरलं आणि समोर मांडी घालून बसले. हैबती पाण्यात भिजवलेलं गोणपाट घेऊन उभे राहिले. सगुणाबाई माझ्या अगदी जवळ, चुलीपुढं पायात नको म्हणून चपला काढून उभ्या होत्या.

मैनेने मला पेटवलं. ज्वाळांचं कडं उभं राहिलं. बायका “अगो बाय!” म्हणाल्या. मला फार अभिमान वाटला. तेवढ्यात कड्यावरून वारा आला.

अंगणात हा वारा नव्हता, मित्रांनो. हा माळावरचा वारा. तो माझ्या पुढच्या तोंडातून आत घुसला, माझ्या पोटात गिरकी घेतली, आणि जाताना एक ठिणगी घेऊन गेला. ती बाहेर पडली. लाल होती. सरळ गवताकडे निघाली.

सगुणाबाईंचा पाय तिच्यावर पडला.

 हैबतींचं गोणपाट अर्ध्यावर थांबलं होतं. महिपत आजोबा उठले आणि काठी टेकत जवळ आले.

“सगुणा, पाय उचल.”

सगुणाबाईंनी पाय उचलला. खाली गवत होतं तसंच होतं, पिवळं. त्यांच्या टाचेवर एक काळा ठिपका होता. आजोबांनी वाकून गवताच्या काड्या बोटांनी चाळल्या. बराच वेळ चाळल्या. तेवढ्यात गोदूबाईंचा आवाज आला.

“अट गवताची होती, महिपतराव. लागली सगुणेच्या टाचेला. आता टाचेचा वाटा गावाला द्यायचा काय?”

लोक हसले. आजोबांच्याही मिशा हलल्या. पण ते म्हणाले, “गवत हैबतीचं हैबतीकडं. पण हा डबा चालायचा नाय. रोज रोज कोणाची टाच ठेवणार?”

गुरं वाचली होती. दुसरी कोणी असती, तर देवाचे आभार मानून मला उचलून घरी गेली असती. हैबतींनी तर हातही पुढं केला होता. मैना मात्र माझ्यासमोर उकिडवी बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“आजोबा, ठिणगी वरून नाय उडाली,” ती म्हणाली. “या तोंडातून उडाली. हे तोंडच नको. काटक्या बारीक मोडून वरनं भरीन आणि वरनंच पेटवीन. अजून एकदा बघा.”

“आणि हे तोंड कशानं बुजवतेस?”

मैनेने उत्तर शोधायच्या आत सगुणाबाई निघाल्या होत्या. म्हशी चरत होत्या तिथून त्यांनी ताजं शेण उचललं, झऱ्याकाठची माती घेतली आणि चालता चालताच हातात मळली. मग माझ्यासमोर बसल्या आणि माझं तोंड लिंपू लागल्या.

“आये, वरची भोकं नको गो! खालची पण नको!”

“कळतंय मला. एकदा चुकले म्हणून रोज चुकेन काय?”

मी दुसऱ्यांदा पेटलो. या वेळी काटक्या वरून पेटल्या आणि विस्तव हळूहळू खाली उतरला. पुन्हा वारा आला. त्याने माझ्याभोवती फेऱ्या मारल्या, पण आत शिरायला त्याला बुडाची बारीक भोकंच मिळाली, आणि त्यांतून तो माझ्याच कामाला लागला. ज्वाळा चांगल्याच फुलल्या. ठिणगी एकही नाही. वर पातेलं चढलं. गुळाच्या चहाला उकळी फुटली, आणि त्या माळावर पहिल्यांदा चहाचा वास पसरला.

पहिला कप आजोबांना दिला. त्यांनी फुंकर मारली, प्यायले, कप उलटा करून झटकला.

“पातळ हाय,” ते म्हणाले. मग बायकांकडे वळून म्हणाले, “डबा कातळावरच ठेवायचा. भोवती हातभर गवत ठेवायचं नाय. बाजूला पाण्याची कळशी. राख भिजवून मगच उठायचं. आणि दर वर्षी पहिल्या दिवशी डबा मी तपासणार.”

गार भाकरीचा जुना नियम तिथं, त्या कातळावर बदलला!

ते वर्ष माझं होतं. रोज दुपारी मी पेटायचो. बायका भाकरी गरम करायच्या, सुकट भाजायच्या, आणि तिचा वास आला की कुठं कुठं विखुरलेले पुरुष काही ना काही काम काढून तिकडेच यायचे. गोदूबाई त्यांना विचारायच्या, “काय रे, गवत इकडं उगवलंय काय?” सगुणाबाई माझ्यापाशी हात शेकायच्या आणि घरी आल्यावर पदराची गाठ स्वतः सोडायच्या. पलीकडच्या वाडीतली माणसं मला बघायला आली. मला उलटंपालटं करून बघितलं. मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

आणि मग गवत संपलं. शेवटच्या दिवशी मला घाईत घरी आणलं आणि गोठ्यामागच्या पडवीत ठेवलं. पोटात भिजलेली राख तशीच होती. पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, तो घरात न येताही घर ओलं करतो. ओली राख पत्र्याला हळूहळू खाते, मित्रांनो. आवाज होत नाही. मी चार महिने ओरडत होतो, पण डब्याचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

दिवाळीनंतर आजोबा तपासायला आले. त्यांनी मला उचललं, बुडाला अंगठा लावला, आणि अंगठा आरपार गेला.

“झालं,” ते म्हणाले. “यातनं निखारा खाली पडंल. परवानगी गेली.”

बायका विळे घेऊन निघाल्या होत्या, त्या थबकल्या. सगुणाबाईंनी गार भाकरी फडक्यात बांधली. मैनेने ती गाठ बघितली आणि मला आजोबांच्या हातातून काढून घेतलं.

“संध्याकाळपर्यंत थांबा, आजोबा.”

छपराचा एक जुना पत्रा पडला होता. त्यातून तिने माझ्या बुडाएवढी चकती कापली आणि तिचे काठ वाकवून माझ्या अंगावर दुमडायला बसली. पहिली चकती फाटली. दुसरी तिरकी बसली. पत्रा तिच्या बोटाला लागला. बोट चिंधीने बांधून ती पुन्हा ठोकत बसली. हैबती दोनदा म्हणाले, “सोड गो, पोलादपूरच्या बाजारातनं करून आणू.” ती म्हणाली, “बाजारातल्या माणसानं आपला वारा बघितलाय काय?” तिसरी चकती बसली. सुबक नव्हती, पण बसली.

आजोबांनी अंगठा दाबला. पुन्हा दाबला. बूड हललं नाही.

“यंदा चालंल,” ते म्हणाले. “पण हे ठोकलेलं हाय, जोडलेलं नाय. पुढच्या वर्षी काय करशील?”

मित्रांनो, तुमच्या घरातही पोटमाळ्यावर कोणी डबा असेल. भंगारात टाकण्याआधी त्याच्याकडे एकदा नीट बघा. त्याच्या अंगात काय दडलं आहे, ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. आणि त्याच्याकडून काम करून घेतलंत, तर काम संपल्यावर त्याचं पोट रिकामं करा, पुसा, कोरड्या जागी पालथं ठेवा. एवढंच मागणं आहे. आमच्या घरी आता हे होतं, आणि मैना ते स्वतः करते.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर तिने त्यांना दिलं नाही. ते दिलं घरी, त्या रात्री जेवताना. मी आता घराच्याच कोरड्या पडवीत पालथा होतो, आणि दार उघडं होतं. सगुणाबाई भाकरी वाढत होत्या. हैबती म्हणत होते, की आता दहावीचं वर्ष आहे, ठोकाठोकी पुरे झाली, परीक्षा झाली की पुढं काय ते आम्ही ठरवू.

“आबा, आये, माझं ठरलंय,” मैना म्हणाली. चिंधी बांधलेल्या बोटाने तिने भाकरी मोडली. “दहावी पास झाले की मी महाडला आयटीआयमध्ये जाणार, पत्र्याचं काम शिकायला. तिथं एकपण मुलगी नसली तरी जाणार. आणि आये, आता कोरड्यास वाढ, भूक लागलीय.”